दिवाळीला गावी जाता येत नाहीये? खान्देशात एकट्यानं साधी, समाधानाची दिवाळी कशी करायची

रजा मंजूर झाली नाही, किंवा ट्रेनचं वेटिंग काही केल्या क्लिअर होईना, किंवा नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेत आणि साहेबांकडे विषय काढायची हिंमतच होत नाहीये. कारण काहीही असू दे, यंदाची दिवाळी जळगावात, धुळ्यात, नंदुरबारला, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नाहीतर चोपड्याच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत एकट्यानं काढायची आहे हे पक्कं झालं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी मूळची सांगली साइडची, जळगावात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि हॉस्पिटलची लॅब काही दिवाळीत बंद ठेवता येत नाही, त्यामुळे माझ्या बऱ्याच दिवाळ्या इथेच झाल्यात. दरवर्षी नवीन लागलेल्या मुली विचारतात, ताई तुम्ही त्या दिवसांत करता काय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

माझं म्हणणं थोडक्यात असं की सण छोटा करा पण अर्धवट करू नका. पाच पदार्थ नकोत, एकच करा, पण स्वतःच्या हातानं आणि त्या त्या दिवशी करा. आणि परक्या गावात ज्यांच्या जिवावर आपलं वर्ष निभावलं त्यांना याच दिवसांत जाऊन भेटा. बाकी पुढे जे काही सांगतेय ते याच दोन गोष्टी जमाव्यात म्हणून.

पहिलं काम, आठ दिवस आधी

सगळ्यात आधी मेसवाल्यांना विचारा की किती दिवस बंद. बहुतेक मेस आणि डबेवाल्या मावशी धनतेरस ते भाऊबीज सुट्टी घेतात आणि ते बरोबरच आहे, त्यांनाही घर आहे, पण आपल्याला हे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी कळलं की पंचाईत होते. कॉलेज एरियातल्या टपऱ्या, झेरॉक्सवाले, चहावाले पण मुलं घरी गेली की शटर ओढतात. म्हणून तूरडाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ, तेल, शेंगदाणे, कांदे-बटाटे, लसूण एवढं भरून ठेवा. गॅस सिलिंडर हलवून बघा, किंवा इंडक्शन असेल तर त्यावर बसणारं भांडं आहे ना ते बघा. दूधवाल्याला सांगून ठेवा की मी इथेच आहे, दूध बंद करू नका, कारण भाडेकरू दिवाळीत गेलेच असणार असं तो धरून चालतो.

पाण्याचं विसरू नका. खान्देशातल्या बऱ्याच गावांत, शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, दिवसाआड येतं, काही ठिकाणी त्याहून जास्त दिवसांनी. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळीला बादली रिकामी असं होऊ नये म्हणून पाण्याचा वार घरमालकांना विचारून घ्या आणि आदल्या वारी सगळं भरून ठेवा. नेहमीची गोळी चालू असेल तर ती आठवड्याची आणून ठेवा, थोडी कॅश पण काढून ठेवा, सुट्ट्या लागून आल्या की एटीएमचा भरवसा नाही.

आणि घरी स्पष्ट सांगा. "बघते, जमलं तर येते" असं शेवटपर्यंत लटकत ठेवू नका, आई रोज वाट बघते आणि तुम्ही रोज रेल्वेचं ॲप उघडून बघता, दोघींचा जीव टांगणीला. नाही म्हणायचं तर वसुबारसेच्या आधी म्हणून टाका. एक दिवस दोन्हीकडे रडारड होते, मग दोन्हीकडे तयारी सुरू होते.

कॅलेंडर घेऊन बसा

भिंतीवरचं कॅलेंडर काढा, वसुबारस, धनतेरस, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज कोणत्या तारखांना आहेत बघा (तिथीमुळे कधी कधी मध्ये एक मोकळा दिवस येतो, तोही बघा) आणि समोर आपली ड्युटी लिहा. मग प्रत्येक दिवसाला एकच काम द्या, एकच हं. वसुबारसला खोली झाडून पुसून काढायची. धनतेरसला दिवे आणि किराणा. चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान. लक्ष्मीपूजनाला पूजा. पाडव्याला बाहेर पडायचं. भाऊबीजेला फोन आणि भेटीगाठी. यादी मोठी केली की पूर्ण होत नाही आणि मग उगाच अपराधी वाटत राहतं.

ड्युटी असेल तर एक सुचवते, नीट विचार करून ठरवा. तुमच्या डिपार्टमेंटला कोणाचं लहान मूल असेल, कोणाची नवी लग्नाची पहिली दिवाळी असेल, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची त्यांची ड्युटी आपणहून मागून घ्या. तसंही आपण इथेच आहोत. कोणीतरी आपल्यामुळे घरी पोरांसोबत दिवे लावतंय ही गोष्ट ड्युटीवर बसल्या बसल्या फार आधार देते, मी स्वतः अनुभवलंय. आणि खान्देशातली माणसं असं उपकार विसरत नाहीत, पुढे आखाजीला तुम्हाला गावी जायचं असेल तर तीच माणसं तुमची ड्युटी घ्यायला उभी राहतात. (आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, इथे तो फार मोठा सण आहे, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, त्या काळात इथल्या लोकांना सुट्टी लागतेच लागते, त्यामुळे आत्ताच बोलून ठेवा.)

अभ्यंगस्नान एकट्यानं

हे टाळू नका. एकटं असलं की पहिली दांडी इथेच पडते, कोण उठवणार, कोण तेल लावणार. रात्रीच उटणं वाटीत काढून ठेवा, तेलाची वाटी शेजारी, नवा नाहीतर धुतलेला इस्त्रीचा ड्रेस खुर्चीवर. खान्देशात दिवाळीच्या सुमाराला दुपारी अजून ऊन चटकतं पण पहाटे गारवा आलेला असतो, तेल कोमट करून घेतलं की बरं वाटतं. पाठीला स्वतः जमेल तेवढं लावा. अंघोळ झाली की दाराबाहेर एक पणती लावा आणि लगेच घरी फोन करा, त्या वेळी तिकडेही सगळे उठलेलेच असतात, कोणाची तरी अंघोळ चालू असते, कोणीतरी ओरडत असतं, त्या गडबडीतला पाच मिनिटांचा फोन रात्रीच्या तासभराच्या व्हिडिओ कॉलपेक्षा खूप बरा जातो.

फोनचं म्हणाल तर, दिवसातल्या दोन वेळा ठरवा आणि घरच्यांनाही सांगा. एरवी दिवसभर फोन हातात ठेवला की फॅमिली ग्रुपवर फराळाचे, रांगोळीचे फोटो येत राहतात आणि आपण खोलीत बसून ते झूम करून बघत राहतो. सकाळी अंघोळीनंतर एक, रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर एक, बस. ऐन पूजेच्या वेळी कॉल लावू नका, तिकडे घाई असते, फोन कुठेतरी फळीवर टेकवून ठेवतात, तुम्हाला अर्धा पंखा आणि काकूंची पाठ दिसते.

फराळ, थोडका

एकट्यासाठी चकल्या तळत बसू नका. एक गोष्ट घरी करा, बाकी विकत घ्या. घरी करायला मुरमुऱ्यांचा चिवडा सोपा, खान्देशात मुरमुरे कुठल्याही किराणा दुकानात चांगले मिळतात. मुरमुरे ताटात पसरून दुपारचं ऊन दाखवा, कुरकुरीत होतात. मग कढईत तेल, शेंगदाणे, डाळ्या, खोबऱ्याचे काप, भरपूर लसूण ठेचून, कढीपत्ता, हिरवी मिरची चांगली कोरडी होईपर्यंत परता (मिरची ओली राहिली की चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो), हळद, मीठ, किंचित पिठीसाखर, वरून मुरमुरे टाकून मंद गॅसवर हलवत राहा. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

बाकीचं महिला बचत गटांच्या स्टॉलवरून किंवा ओळखीच्या मावशींकडून किलोवर घ्या, पाव पाव किलो दोन प्रकार पुरतात. इथला एक प्रकार मात्र मुद्दाम घ्या, दराबा. गव्हाच्या भाजलेल्या रव्याचा लाडू असतो, तूप आणि पिठीसाखर फेटून फेटून हलकं करतात त्यामुळे तोंडात टाकला की विरघळतो. बाहेरून आलेल्या माणसाला सहसा माहीत नसतो. आपल्या घरी बेसनाचेच लाडू होत असतील तरी इथे आहोत तर इथलं खावं, त्या गावाचा पण मान राहतो. आणि केळीचे वेफर्स जास्तीचे घ्या, पुढे लागणारेत.

आभाराची यादी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

धनतेरसच्या आधी एक दिवस कागद घेऊन बसा आणि इथे आल्यापासून आपलं कोणामुळे अडलं नाही त्यांची नावं लिहा. नाव माहीत नसेल तर काम लिहा. दूधवाला दादा, डबेवाल्या मावशी, पहिल्या महिन्यात डिपॉझिटसाठी थांबलेले घरमालक, बिल्डिंगचा वॉचमन, रात्री उशिरा स्टँडवरून खोलीपर्यंत सोडणारा आणि आपण आत जाईपर्यंत थांबणारा रिक्षावाला, ताप आला तेव्हा खिचडी आणून देणारी शेजारची वहिनी, ऑफिसचे शिपाई काका, वॉर्डातल्या मावशी. लिहायला बसलं की कळतं केवढी माणसं आहेत. आपण म्हणतो इथे माझं कोणी नाही, आणि यादी पान उलटून जाते.

मग छोट्या कागदी पिशव्या आणा, प्रत्येकीत थोडा चिवडा, वेफर्स, दोन लाडू. एवढंच. मोठी गिफ्ट नको, त्यानं समोरचा अवघडतो, त्याला परतफेडीची काळजी लागते. लक्ष्मीपूजनाच्या आधीच द्या, म्हणजे त्यांच्याही घरी सणाच्या दिवशी पोचतं. देताना उभ्या उभ्या गेटवर टेकवून जाऊ नका, थांबा, आणि नेमकं कशासाठी ते बोला. "दादा, तुम्ही जुलैत पाऊस असताना पण दूध चुकवलं नाही, माझी सकाळची ड्युटी त्यावर चालली" असं एक वाक्य. नुसतं हॅपी दिवाळी म्हटलं तर तो सगळ्यांनाच म्हणतो. आणि फोटो काढू नका, अजिबात नाही.

आमच्या गल्लीत घंटागाडीवर एक ताई येते, रोज सकाळी साडेसातच्या आसपास. तिला पिशवी दिली तेव्हा तिनं आधी हात साडीला पुसले, मग घेतली, उघडून बघितली आणि पहिला प्रश्न केला, "आन तुम्ही गावाले नई गेल्या का?" मी नाही म्हटलं तर गाडी पुढे जाऊ देऊन ती थांबली, ड्रायव्हर हॉर्न देत होता तरी, आणि तिनं मला विचारलं की मग जेवणाचं काय करता, कोण आहे सोबत. तिच्या घरी त्या दिवशी काय शिजणार होतं तेही सांगितलं. त्यानंतर आम्ही एकमेकींना नावानं हाक मारतो. या गावात मला नावानं हाक मारणारं माणूस वाढलं ते त्या पाव किलो चिवड्यामुळे.

जे दूर आहेत, शाळेतल्या बाई, आधीच्या नोकरीतले सिनियर, त्यांना फॉरवर्ड मेसेज नको, दोन ओळी स्वतः टाइप करून पाठवा. दिवसाला तीन जणांना पाठवले तरी भाऊबीजेपर्यंत बरेच होतात.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ

खरं सांगायचं तर हीच वेळ अवघड जाते, सहा ते दहा. बाहेर फटाके, सगळ्या खिडक्यांत माळा, आणि आपल्या खोलीत ट्यूबलाइट. म्हणून ही वेळ पूर्ण आखून ठेवायची.

पूजा साधी मांडा. पाटावर धुतलेलं फडकं, मूठभर तांदूळ, त्यावर लक्ष्मीचा फोटो किंवा नाणं, झेंडूची दोन फुलं, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी, आणि ज्यावर आपलं पोट चालतं ते काहीतरी, माझं ओळखपत्र आणि पेन मी ठेवते. शिक्षक असाल तर हजेरीचं पेन ठेवा, बँकेत असाल तर जो काय शिक्का-बिक्का ते, वर्कशॉपला असाल तर पाना. हळदकुंकू, दिवा, आरती येते तेवढी म्हणा. पाठ नसेल तर हात जोडून वर्षभरात काय काय निभावलं ते मनात एकेक म्हणा, तेही चालतं. पूजेच्या वेळी दार उघडं ठेवा. दार उघडं दिसलं की शेजारचं पोर डोकावतं, मग त्याची आई येते, मग ताट येतं. बंद दारावर कोणी टकटक करत नाही, त्यांना वाटतं गेल्या असतील गावी.

ताट आलं तर एक नियम पाळा, ते रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर दोन केळी, वाटीभर साखर, पण रिकामं नाही.

पणत्यांची काळजी घ्या, भाड्याच्या खोल्या लहान असतात, पडदा, बेडशीट, ओढणी सगळं जवळ. खोली सोडून जाताना आतले दिवे शांत करून जा. मी हॉस्पिटलमध्ये असल्यामुळे त्या रात्री भाजलेली माणसं, मुलं येताना बघते, म्हणून हेही सांगते, कोणाला भाजलं तर टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ काही लावू नका, नळाच्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा, स्वच्छ कपडा सैलसर टाका आणि दवाखान्यात न्या. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

पूजा झाली की खोलीत बसू नका. बाजारपेठेत चक्कर मारा, दुकानांत पूजन चालू असतं, ओळखीचा दुकानदार असेल तर प्रसाद दिल्याशिवाय सोडत नाही. कोणी "चला जेवायला" म्हटलं तर इथे एक लक्षात ठेवा, खान्देशातला माणूस तोंडदेखलं बोलवत नाही. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा म्हणाले की जायचं. वरण-बट्टीचा बेत असेल तर बट्टी कुस्करून वर तूप आणि वरण घ्यायचं, सोबत वांग्याची घोटलेली भाजी, आणि पहिल्या वाढपातच थोडं घ्या कारण आग्रह भयंकर असतो आणि बट्टी पोटात जाऊन फुगते. शेवभाजी असेल आणि तुम्ही कोकणातले किंवा पुण्याकडचे असाल तर आधीच सांगा की तिखट कमी, कोणी वाईट मानत नाही.

एक दिवस भरीत करा

हे माझं स्वतःचं मत आहे पण ठाम आहे, एकट्याच्या दिवाळीतलं मुख्य जेवण पुरणपोळी नसावं, भरीत-भाकरी असावं. पुरणपोळी आईच्या हातचीच आठवते आणि घास अडकतो. भरीत इथलं आहे, त्याची तुलना घरच्या कशाशीच होत नाही. आणि दिवाळीनंतर थंडी सुरू होते तसा इथे भरिताचा सीझनच सुरू होतो, शेतात भरीत पार्ट्या लागतात.

वांगं नेहमीचं जांभळं घेऊ नका. इथे भरिताचं वांगं वेगळं, मोठं, लांबट, हिरवट-पांढरं. बामणोद, आसोदा या गावांची नावं घेऊन विकतात, आणि जळगावच्या भरीत वांग्याला जीआय मानांकन पण मिळालंय. घेताना हातात तोलून बघा, आकाराच्या मानानं हलकं लागलं तर बी कमी, जड लागलं तर बियांनी भरलेलं. एका माणसाला एक वांगं पुष्कळ होतं.

शेतात ते कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, तो वास गॅसवर येत नाही हे मान्य, पण गॅसवर पण चांगलं होतं. वांग्याला तेलाचा हात लावा, सुरीनं चार ठिकाणी टोचा (नाहीतर फुटतं), मंद आचेवर फिरवत फिरवत भाजा. घाई करू नका, देठाजवळचा भाग शेवटी शिजतो, तिथे बोट रुतलं पाहिजे. सालं काळी होऊन सुटायला लागली की ताटात काढा, झाकून ठेवा पाचेक मिनिटं, मग सोला. धुवायचं नाही, पाण्याखाली धरलं की सगळी चव गेली.

हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजून मीठ टाकून खरडा. गरम वांगं त्यात ठेचा. इथे त्यासाठी बडगी म्हणून लाकडी भांडं असतं, आपल्याकडे नसेल तर पातेलं आणि रवीचा दांडा चालतो, मिक्सर चालत नाही, मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. मग कढईत तेल जरा सढळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात बारीक चिरून, आणि त्यात ठेचलेलं वांगं, वरून कोथिंबीर. दोन मिनिटांत उतरवा.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं पीठ म्हणजे कळणा, गिरणीत किंवा किराण्यात तयार मिळतं. उडदामुळे पीठ चिकटपणा धरतं, त्यामुळे भाकरी थापायची सवय नसली तरी नुसत्या ज्वारीपेक्षा सोपी जाते. कच्चा कांदा, मुळा घ्या. आणि शक्यतो एक वांगं जास्तीचं भाजा, जो कोणी बिल्डिंगमध्ये तुमच्यासारखाच मागे राहिलाय त्याला हाक मारा. असतो कोणीतरी. वरच्या मजल्यावर बँकेतला मुलगा, नाहीतर बी.एड.ची मुलगी जिची परीक्षा आहे.

पाडव्याला बाहेर पडा

जळगावात असाल तर तुमचं नशीब चांगलं, कारण पाडव्यापासून, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा वहनोत्सव सुरू होतो. रोज संध्याकाळनंतर वेगळं वहन (देवाचं वाहन) निघतं, गल्लीबोळातून जातं, लोक दारात आरतीची ताटं घेऊन उभे असतात. याला तिकीट नाही, ओळख लागत नाही, नुसतं जाऊन गर्दीत उभं राहायचं. एकट्या माणसाला यासारखी सोय नाही.

दिवसा फिरायचं असेल तर एकच ठिकाण निवडा. एसटीला त्या दिवसांत तोबा गर्दी असते, भाऊबीजेच्या दिवशी तर विचारू नका, म्हणून लांबचं काही असेल तर पाडव्याच्या सकाळी लवकर निघा आणि परतीची शेवटची गाडी कितीची ते उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारून घ्या. जळगावहून एरंडोल तालुक्यातलं पद्मालय, तळ्याकाठचं गणपतीचं मंदिर, गाभाऱ्यात दोन मूर्ती आहेत. मुक्ताईनगरकडे गेलात तर मुक्ताईचं दर्शन आणि तापी-पूर्णा संगमावरचं चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर. चाळीसगावला असाल तर पाटणादेवी, डोंगर तेव्हा अजून हिरवा असतो, आणि तिथल्या पाटण गावाशी गणिती भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख तिथलाच. धुळ्यात लळिंगचा किल्ला शहराजवळच आहे, एकटे असाल तर सकाळीच चढा, किंवा पांझरेकाठी एकवीरा देवीला जाऊन बसा. नंदुरबार, शहाद्याकडे तापीकाठचं प्रकाशा. तोरणमाळ फार सुंदर आहे पण घाटरस्ता आहे आणि गाड्या कमी, एकट्यानं पहिल्यांदाच जात असाल तर सणाच्या दिवशी नको.

रस्त्यानं जाताना शेतात बघा, कापूस वेचणी चालू असते, दिवाळीत पण. बायका पाठीला पोतं बांधून ओळीनं वेचत असतात कारण फुटलेला कापूस सणासाठी थांबत नाही. आपल्यासारखे सणाला कामावर असलेले किती जण आहेत हे तिथे दिसतं.

भाऊबीज

भाऊ किंवा बहीण लांब असेल तर ओवाळणी सकाळीच पाठवून द्या, संध्याकाळपर्यंत वाट बघायला लावू नका, आणि फोनवर ओवाळायचं असेल तर दोन्हीकडे ताट खरं असू द्या, कुंकू, सुपारी, दिवा. घरमालकांची मुलगी किंवा ऑफिसमधली ताई ओवाळते म्हणाली तर नाही म्हणू नका, मुलग्यांनो, पाकीट आणि सुटे पैसे खिशात ठेवूनच घराबाहेर पडा.

आणि मन फारच खाली गेलं तर

एखादी संध्याकाळ रडू येणारच, येऊ द्या, त्यात काही बिघडलेलं नाही. पण दोन-तीन दिवस झोप नाही, जेवण जात नाही, कोणाशी बोलावंसंच वाटत नाही, असं झालं तर एकट्यानं ओढू नका. टेलिमानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. नंबर आत्ताच सेव्ह करा, लागला नाही तर चांगलंच.

भाऊबीजेनंतर

माणसं परत यायला लागतात, प्रत्येकाच्या पिशवीत डबा असतो. तुमच्याकडे शेजाऱ्यांची ताटं, वाट्या साठल्या असतील तर आधी त्या परत करा. ज्याची ड्युटी तुम्ही घेतली होती तो पोरांचे फोटो दाखवायला येईल, निवांत बघा. तुमच्या घरून पार्सल येणार असेल तर ऑफिसचा पत्ता द्या, खोलीवर दिवसा कोणी नसतं, कुरिअरवाला परत जातो.

आणि जळगावकरांनो, कार्तिकी एकादशीची सुट्टी किंवा निदान सकाळची ड्युटी आत्ताच मागून घ्या, त्या दिवशी रामाचा रथ निघतो. १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी सुरू केलेली परंपरा आहे. एवढा मोठा लाकडी रथ लोक दोरानं ओढतात, आणि चाकाखाली लाकडी मोगरी लावून त्याला थांबवणारी, वळवणारी माणसं असतात, त्यांचं काम जवळून बघण्यासारखं आहे. वाटेत लालशा बाबांच्या समाधीशी रथ थांबतो आणि तिथे चादर चढवतात. वळणावर, कोपऱ्यावर उभं राहू नका, तिथे रेटारेटी होते, सरळ रस्त्यावर एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा, पाण्याची बाटली सोबत ठेवा, पायात बांधलेल्या चपला घाला, आणि तोपर्यंत गावाहून परत आलेल्या रूममेटला, भरीत खायला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला, सगळ्यांना बरोबर घेऊन जा.